‘कंटॅमिनेटेड’ म्हणजे नक्की काय झाले? एका अहवालाच्या तीन मसुद्यांचा अभ्यास

शब्दकोशात ‘कंटॅमिनेट’ पाहिला की समोर ‘दूषित करणे’ येते. ‘पोल्यूट’ पाहावा तर ‘दूषित करणे’, फार तर ‘प्रदूषित करणे’. ‘टेंट’ला ‘दूषित करणे, डाग लावणे’ आणि ‘व्हिशिएट’ला पुन्हा ‘दूषित करणे’. जोड्या लावायच्या प्रश्नापुरते हे चालून जाते. पण खऱ्या मजकुरात यांपैकी दोन-तीन शब्द एकाच पानावर आले की सगळ्यांचा भार एकट्या ‘दूषित’वर पडतो. मग अर्थ धूसर होतो, आणि कधी कधी चक्क उलटा होतो. तो कसा उलटतो ते दाखवणारे हे प्रकरण.

प्रसंग

अभ्यासासाठी मांडलेला प्रसंग साधा आहे. पाण्याच्या नमुन्यांची जंतुतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेने सात वाक्यांचा इंग्रजी निष्कर्ष दिला आहे. तो मराठीत आणायचा आहे. भाषांतर करणाऱ्याचे इंग्रजी चांगले आहे, पण प्रयोगशाळेच्या कामाशी त्याचा संबंध आलेला नाही. मूळ वाक्ये अशी:

“ट्वेल्व्ह सॅम्पल्स वेअर रिसीव्ह्ड. सॅम्पल्स ४ अँड ९ वेअर कंटॅमिनेटेड ड्युरिंग हँडलिंग. द ब्लँक ओपन्ड विथ देम ऑल्सो शोड ग्रोथ. रिझल्ट्स फॉर दीज टू शुड बी डिसरिगार्डेड. सॅम्पल ७ हॅड अ स्लाइट टेंट. इम्प्युरिटीज इन द रीएजंट वेअर विदिन द स्टेटेड ग्रेड. देअर इज नो इंडिकेशन दॅट द सोर्स इज पोल्यूटेड.”

एवढ्याशा मजकुरात अशुद्धतेचे चार वेगळे शब्द आहेत: कंटॅमिनेटेड, टेंट, इम्प्युरिटीज, पोल्यूटेड. लिहिणाऱ्याने ते पुनरुक्ती टाळण्यासाठी बदललेले नाहीत. प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो, आणि तांत्रिक मजकूर वाचताना हे आधी गृहीत धरावे. ललित लेखनात लेखक समानार्थी शब्द चवीसाठी बदलतो. अहवालात शब्द बदलला की बहुधा वस्तूच बदललेली असते.

पहिला मसुदा

“बारा नमुने मिळाले. क्र. ४ व ९ चे नमुने हाताळताना प्रदूषित आढळले. त्यांच्यासोबत उघडलेल्या कोऱ्या बाटलीतही वाढ दिसली. या दोन्हींचे निकाल दुर्लक्षित करावेत. क्र. ७ चा नमुना किंचित दूषित होता. रसायनातील प्रदूषण ठरलेल्या दर्जात होते. स्रोत प्रदूषित असल्याचा संकेत नाही.”

व्याकरण ठीक आहे, एकही शब्द गाळलेला नाही. तरीही हा मसुदा वाचणाऱ्याच्या मनात काय उभे राहते पाहा. बारापैकी दोन बाटल्यांत प्रदूषित पाणी सापडले. तिसऱ्या बाटलीत थोडे दूषित सापडले. प्रयोगशाळेच्या रसायनातसुद्धा प्रदूषण होते. आणि इतके असून अहवाल म्हणतो की दोन वाईट निकालांकडे दुर्लक्ष करा, स्रोत प्रदूषित नाही. वाचणारा याचा एकच अर्थ लावील: काहीतरी दडपले जात आहे. मूळ अहवालात दडपण्यासारखे काही नाही. उलट आपल्याच हातून झालेली चूक प्रयोगशाळेने उघडपणे कबूल केली आहे. भाषांतराने प्रामाणिक कबुलीची संशयास्पद सारवासारव करून टाकली.

चूक फक्त एका शब्दाची आहे असे वाटते, पण ती तीन ठिकाणी आहे.

सर्वांत खोलवरची चूक क्रियापदात आहे. ‘वेअर कंटॅमिनेटेड’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात: ‘दूषित होते’ आणि ‘दूषित झाले’. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात घटना. इंग्रजी कर्मणी रचनेत दोन्हींचे रूप एकच दिसते. मराठीला मात्र ‘असणे’ आणि ‘होणे’ यांपैकी एक निवडावेच लागते. ही आपल्या भाषेची ताकद आहे, आणि भाषांतर करताना तिचाच सर्वांत जास्त विसर पडतो. निवड कशी करायची याची खूण मूळ वाक्यातच असते. ‘ड्युरिंग’, ‘व्हेन’, ‘व्हाइल’ असे शब्द जवळ असले तर घटना आहे. ‘ऑलरेडी’, ‘स्टिल’, ‘फाउंड टु बी’ असे असले तर स्थिती. इथे ‘ड्युरिंग हँडलिंग’ स्पष्ट आहे: हाताळत असताना हे घडले, त्याआधी नमुने तसे नव्हते. मसुद्यात ‘हाताळताना आढळले’ असे लिहिल्यामुळे हाताळणी ही दोषाची वेळ राहिली नाही, दोष सापडण्याची वेळ झाली. सगळा अर्थ इथेच उलटला.

दुसरी चूक ‘कोरी बाटली’ ही. ब्लँक म्हणजे रिकामी बाटली नव्हे. निर्जंतुक पाणी भरलेली ती बाटली असते. ती नमुन्यांच्या बरोबरच उघडतात, त्यांच्यासारखीच हाताळतात आणि त्यांच्यासारखीच तपासतात. तिच्यात मुळात जंतू नसतात. म्हणून तिच्यात वाढ दिसली तर ते जंतू हातातून, हवेतून किंवा उपकरणातून आले, हे उघड होते. ‘कंटॅमिनेटेड’ या शब्दाचा पुरावाच या ब्लँकमध्ये आहे. रिकाम्या बाटलीत ‘वाढ’ कसली, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडला की ते वाक्य त्याच्यासाठी मेले.

तिसरी चूक म्हणजे सगळ्यांना ‘प्रदूषण’ हे एकच नाव देणे. तिच्याकडे सविस्तर येऊच.

इथे हाताळणीतली चूक किती छोटी असू शकते हे सांगायला हवे, कारण शब्दाचे वजन त्यावरच ठरते. जंतुतपासणीसाठी साधारण १०० मिली पाणी निर्जंतुक बाटलीत घेतात. ते ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ पडद्यातून गाळतात, पडदा पोषक माध्यमावर ठेवतात आणि ऊबदार पेटीत साधारण एक दिवस राहू देतात. पडद्यावर अडकलेल्या एकेका जंतूची डोळ्यांना दिसणारी वसाहत तयार होते. त्या वसाहती मोजायच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिली नमुन्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. मर्यादाच शून्य असल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला लागलेले एक बोटसुद्धा निकाल फिरवू शकते. त्या बोटाने नदी घाण होत नाही, आणि कोणी कोणाला फसवलेलेही नसते. झाला तो फक्त स्पर्श.

शब्दाच्या पोटातला स्पर्श

‘कंटॅमिनेट’ची व्युत्पत्ती इथे उपयोगी पडते. लॅटिन ‘कॉन्तामिनारे’वरून तो आला, आणि त्याच्या मुळाशी ‘तांगेरे’ म्हणजे शिवणे, स्पर्श करणे हा धातू आहे. त्याच घरातले ‘कॉन्टॅक्ट’, ‘कंटेजन’, ‘टॅन्जिबल’, ‘टॅन्जंट’. ‘इंटॅक्ट’ म्हणजे ज्याला कोणी शिवलेले नाही ते. पूर्णांकाला ‘इंटिजर’ म्हणतात तेही याच कुळातले: न शिवलेला, म्हणून अखंड.

आता मराठी शब्द पाहा. ‘दूषित’ आणि ‘प्रदूषित’ दोन्ही संस्कृत ‘दुष्’ धातूचे, ‘दोष’ हा त्यांचा सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजी शब्द *कसे* झाले ते सांगतो, तर मराठी शब्द *काय* झाले ते सांगतो. ‘कंटॅमिनेट’मध्ये बाहेरची वस्तू येऊन लागते. ‘दूषित’मध्ये दोष निर्माण झालेला असतो, तो बाहेरून आला की आतून उपजला, याविषयी शब्द गप्प राहतो. शब्दकोशाने दोघांची जोडी लावली ती चुकीची नाही. पण ‘बाहेरून येऊन लागणे’ हा भाग त्या जोडीत गळून पडतो, आणि आपल्या अहवालात नेमका तोच भाग महत्त्वाचा आहे.

मराठीत स्पर्शाचे शब्द नाहीत असेही नाही. ‘संसर्ग’ आहे, ‘संपर्क’ आहे; ‘संपर्क’मधल्या ‘पृच्’ धातूचा अर्थ तर मिसळणे असाच आहे. ‘विटाळणे’ आणि ‘बाटणे’ही आहेत, आणि केवळ अर्थाची मापे घेतली तर ‘विटाळणे’ हा ‘कंटॅमिनेट’च्या सर्वांत जवळ जाईल. पण या शब्दाने माणसांनाच अस्पृश्य ठरवले. तो प्रयोगशाळेच्या बाटलीसाठी वापरणे म्हणजे त्या जखमेकडे डोळेझाक करणे आहे. ‘संसर्ग’ हा चांगला उमेदवार, पण आज तो रोगाला बांधला गेला आहे. ‘नमुन्याला संसर्ग झाला’ म्हटले की नमुना आजारी पडल्यासारखे वाटते. इंग्रजीतही ‘इन्फेक्ट’ वेगळा आहे: जिवंत शरीरात जंतूने घर करणे म्हणजे इन्फेक्शन. बाटली, चाकू, टेबल ही कंटॅमिनेट होतात, इन्फेक्ट होत नाहीत.

लागलेली वस्तू घाणेरडीच असली पाहिजे असेही नाही. हा मुद्दा शिकणाऱ्याच्या गळी उतरायला वेळ लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात शुद्ध पाणी उतरले तर ते पाणी कंटॅमिनंट आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या जंतूंच्या बशीत बुरशीचा एक बीजाणू येऊन पडला. ती बशी कंटॅमिनेटेड झाली, आणि त्या बुरशीभोवती जंतू विरघळलेले दिसले म्हणूनच पेनिसिलिनचा माग लागला. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिले की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी-शृंखलांमध्ये (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांमध्ये) हेला या कर्करोगाच्या पेशींची खूण सापडते. त्या संवर्धनांत हेला पेशी शिरल्या होत्या आणि त्यांनी मूळच्या पेशींची जागा घेतली होती. संवर्धने निरोगी होती, जोमाने वाढत होती. तरी ती कंटॅमिनेटेड होती, कारण त्या बाटलीत ज्या पेशी असायला हव्या होत्या त्या तिथे नव्हत्या. तेव्हा शब्दाचा गाभा असा: जिथे नको तिथे बाहेरचे काहीतरी पोचणे.

किरणोत्साराच्या क्षेत्रात हा गाभा लख्ख दिसतो. क्ष-किरण काढून घेतलेल्या माणसावर किरण पडले, तो ‘एक्सपोज्ड’ झाला. पण तो ‘कंटॅमिनेटेड’ नाही, कारण त्याच्या अंगावर किंवा अंगात काही राहिले नाही. किरणोत्सारी धूळ कपड्यांना लागली तर तो कंटॅमिनेटेड. मग ‘डीकंटॅमिनेशन’ म्हणजे कपडे उतरवणे, अंग धुणे, लागलेले काढून टाकणे. जे लागलेच नाही ते काढणार काय? दोन्हींना ‘बाधित’ म्हणून मोकळे होणारे भाषांतर इथे माणसाला नाहक घाबरवते.

दुसरा मसुदा: भेसळ

पहिल्या मसुद्यावर शेरा आला की प्रदूषण नदीचे किंवा हवेचे होते, बाटलीचे नाही. शेरा बरोबर होता. भाषांतरकाराने विचार केला की बाहेरचे काहीतरी मिसळले आहे, तर ‘भेसळ’ का नको? मग वाक्य झाले: “क्र. ४ व ९ च्या नमुन्यांत हाताळताना भेसळ झाली.”

घटना आली, ‘झाली’ आले, बाहेरचे मिसळणेही आले. आणि तरी हे वाक्य पहिल्यापेक्षा घातक आहे. भेसळ आपोआप होत नाही. कोणीतरी करतो, आणि लाभासाठी करतो. हे वाक्य वाचणारा लगेच विचारील, कोणी केली? नमुन्यात पाणी बदलले का? कोणाला वाचवायचे होते? एका बोटाच्या स्पर्शाचा फौजदारी आरोप झाला.

भेसळीचा इंग्रजी जोडीदार ‘अडल्टरेट’. मूळ लॅटिन ‘अडल्तेरारे’, भ्रष्ट करणे, खोटे करणे; त्यात बहुधा ‘आल्तेर’ म्हणजे ‘दुसरा’ हा शब्द दडलेला आहे. व्यभिचारासाठी ‘अडल्टरी’ याच कुळातला. (‘अडल्ट’ म्हणजे प्रौढ, त्याचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तो वाढण्याच्या धातूवरून आला आहे. दिसण्यावरून पाठ करणारे इथे हमखास फसतात.) जोडीदाराशी प्रतारणा आणि मालाशी प्रतारणा, दोन्हींत विश्वासघात समान आहे. १८२० मध्ये रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक आकुम यांनी लंडनमध्ये खाद्यपदार्थांतल्या लबाड्या उघड्या पाडणारा ग्रंथ काढला तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘अडल्टरेशन’ हाच शब्द होता.

हेतू कसा ओळखायचा याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध-भुकटीत सापडलेले मेलामाइन. दुधातली प्रथिने मोजण्याच्या रूढ पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करतात. मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात ते मिसळले की चाचणीला प्रथिने भरपूर असल्यासारखे दिसते. चाचणीला फसवता येईल असा पदार्थ निवडून घातला गेला, म्हणून ते अडल्टरेशन, भेसळ. बाळांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. तेच मेलामाइन एखाद्या भांड्यातून नकळत उतरले असते तर शब्द ‘कंटॅमिनेशन’ झाला असता. रसायन तेच राहिले असते, शब्द बदलला असता, कारण तो रसायनावर ठरत नाही.

पण एक सावधगिरी बाळगायलाच हवी. कायद्याच्या मजकुरात हा हेतूचा नियम कोलमडतो. अमेरिकेच्या १९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात, अस्वच्छ परिस्थितीत तयार केल्याने वा ठेवल्याने घाण लागून कंटॅमिनेट झाले असण्याची शक्यता असलेले अन्नही ‘अडल्टरेटेड’ ठरते. तिथे कोणाची लबाडी सिद्ध करावी लागत नाही. म्हणून कायद्याच्या कागदात हा शब्द दिसला की आधी त्याच कागदातली व्याख्या काढून वाचावी, मग लिहावे. आपला अहवाल कायद्याचा नाही, तेव्हा रोजचा अर्थच धरायचा.

पोल्यूट: शेवटच्या वाक्यातला

‘देअर इज नो इंडिकेशन दॅट द सोर्स इज पोल्यूटेड’ यात ‘इज’ आहे, म्हणजे स्थिती. इथे ‘प्रदूषित असल्याचे’ अगदी योग्य. पहिल्या मसुद्यातले हे एकच भाषांतर बरोबर होते, आणि तेच आधीच्या चुकांमुळे खोटे वाटत होते.

‘पोल्यूट’च्या लॅटिन मुळात चिखल-राड आहे. इंग्रजीत तो आधी धार्मिक आणि नैतिक अर्थाने आला, पवित्र जागा अपवित्र करणे अशा अर्थाने. नदी-हवेचा अर्थ पुढे बळावला आणि आज तोच पहिला वाटतो. त्याची खूण अशी की इथे जागा मोठी असते, अनेकांची असते: हवा, नदी, समुद्र, जमीन. आणि अपाय हा अर्थाचाच भाग असतो. पर्यावरणशास्त्रात दोन्ही शब्दांतली सीमा बरीच स्पष्ट आखलेली आहे. एखादा पदार्थ जिथे नसावा तिथे असला, किंवा नैसर्गिक पातळीहून जास्त असला, तर ते कंटॅमिनेशन. त्याचा सजीवांना अपाय होऊ लागला किंवा होण्याजोगा झाला की ते पोल्यूशन. म्हणजे प्रत्येक पोल्यूशनमध्ये कंटॅमिनेशन सापडेल, पण उलट म्हणता येणार नाही.

या सीमेला एक फाटा आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात सागरी प्रदूषणाची व्याख्या करताना पदार्थांबरोबर ‘ऊर्जा’ही घेतली आहे. ध्वनी, प्रकाश, उष्णता यांचे पोल्यूशन होते, कारण अपाय होतो. त्यांचे कंटॅमिनेशन होत नाही, कारण लागून राहणारे काही नसते. ‘नॉइज कंटॅमिनेशन’ असे कोणी लिहिले तर कान खटकला पाहिजे.

दोन्ही शब्द एकाच घटनेत आपापल्या जागी पाहायचे असतील तर जपानचे मिनामाता आठवावे. कारखान्याने पाऱ्याची संयुगे असलेले सांडपाणी खाडीत सोडले. १९५६ मध्ये त्या पाऱ्यामुळे झालेल्या रोगाची अधिकृत नोंद झाली. इंग्रजीत लिहिताना खाडी ‘पोल्यूटेड’ होते आणि मासे मिथाइल-मर्क्युरीने ‘कंटॅमिनेटेड’ होतात. मासे ‘पोल्यूटेड’ म्हटले तर वाक्य कळते, पण इंग्रजी बोलणाऱ्याला ते अडखळवते.

टेंट आणि इम्प्युरिटी

‘सॅम्पल ७ हॅड अ स्लाइट टेंट’ याचे ‘किंचित दूषित होता’ हे भाषांतर दिसायला निरुपद्रवी आहे, म्हणूनच ते तपासणीतून निसटते. रोजच्या इंग्रजीत ‘टेंट’ म्हणजे डाग, कलंक. त्याच्यात दोन शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत: एक रंगवण्याचा, ज्यावरून ‘टिंट’ही आला, आणि दुसरा पुन्हा स्पर्शाचाच. पण पाणी आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्यांच्या भाषेत ‘टेंट’ला नेमका अर्थ आहे: बाहेरून आलेला परका वास किंवा चव. नव्या प्लॅस्टिकच्या नळीतून आलेल्या पाण्याला जो वास येतो तो टेंट. त्यात जंतू असतीलच असे नाही, विष असेलच असेही नाही. मराठीत ‘परका वास’ असे सरळ लिहावे. नाकाने ओळखला की जिभेने, हे अहवालाच्या तक्त्यात पाहून ‘वास’ की ‘चव’ ते ठरवावे. आपल्या प्रसंगात तक्त्यात वासाची नोंद आहे असे धरू.

न्यायालयीन मजकुरात हाच शब्द वेगळे वळण घेतो. ‘कंटॅमिनेटेड एव्हिडन्स’ म्हणजे पुराव्याच्या वस्तूला दुसऱ्याचे रक्त, केस, डीएनए लागले. ‘टेंटेड एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा गैरमार्गाने मिळवला, त्याच्यावर नैतिक किंवा कायदेशीर डाग आहे. वस्तू स्वच्छ धुतलेली असली तरी.

‘इम्प्युरिटी’ हा या कुळातला सर्वांत शांत शब्द. रसायनाच्या बाटलीवर शुद्धता ९९.५ टक्के असे छापलेले असते आणि खाली उरलेल्या अर्ध्या टक्क्यात काय काय किती असू शकते त्याची यादी असते. त्या इम्प्युरिटीज आहेत. त्या बनवण्याच्या प्रक्रियेतून आलेल्या, ठाऊक असलेल्या आणि मोजलेल्या असतात. औषधनिर्मितीतही हाच भेद पाळतात: प्रक्रियेतून उरलेली ती इम्प्युरिटी, बाहेरून शिरलेला तो कंटॅमिनंट. इम्प्युरिटी वाईटच असते असे नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या रंगहीन स्फटिकात थोडे क्रोमियम शिरले की माणिक होते. सिलिकॉनमध्ये मोजून मापून बोरॉन किंवा फॉस्फरस घातल्याशिवाय ट्रान्झिस्टर बनत नाही. त्या मुद्दाम घातलेल्या द्रव्यांनाही इंग्रजीत ‘इम्प्युरिटी’च म्हणतात. पहिल्या मसुद्यातले ‘रसायनातील प्रदूषण’ म्हणूनच सर्वांत बेढब होते. ‘अशुद्धी’ किंवा ‘अशुद्ध घटक’ इथे पुरेसे आहे.

वापरताना कुठे अडते

मराठी विभक्तीमुळे होणारी एक चूक वारंवार दिसते. ‘जंतूंनी दूषित’ आणि ‘कामगाराने दूषित केले’ दोन्हींत आपल्याकडे ‘ने/नी’ हा एकच प्रत्यय आहे. इंग्रजीत जे द्रव्य लागले त्याला बहुधा ‘विथ’: कंटॅमिनेटेड विथ लेड. ज्याच्यामुळे किंवा ज्या वाटेने लागले त्याला ‘बाय’: कंटॅमिनेटेड बाय अ लीकिंग पाइप. द्रव्यालाही ‘बाय’ चालतो. पण गळक्या नळाला ‘विथ’ लावला तर पाण्यात नळच पडल्यासारखे होते. ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ इथे नकोत.

‘कंटॅमिनेशन’ सहसा मोजत नाहीत. ‘थ्री कंटॅमिनेशन्स वेअर फाउंड’ असे न लिहिता ‘थ्री कंटॅमिनंट्स’ लिहावे, कारण मोजतो ती द्रव्ये. उच्चारात ‘कंटॅमिनेट’चा आघात ‘टॅ’वर येतो आणि ‘कंटॅमिनेशन’चा ‘ने’वर सरकतो; दोन्हींत पहिला ‘कं’ हलका ठेवायचा. ‘अडल्टरेट’मध्ये आघात ‘डल्’वर. त्याचे नकारार्थी रूप ‘अनअडल्टरेटेड’ बोलण्यात भावनांनाही लागते, ‘अनअडल्टरेटेड जॉय’ म्हणजे निर्भेळ आनंद. ‘निर्भेळ’ हा आपला शब्द इथे इतका चपखल बसतो की दुसरे काही शोधूच नये. आणि ‘अनकंटॅमिनेटेड जॉय’ मात्र कोणी म्हणत नाही.

तिसरा मसुदा

भेसळ काढल्यावर भाषांतरकाराने लिहिले, “क्र. ४ व ९ चे नमुने हाताळताना दूषित झाले.” क्रियापद बरोबर, आरोप नाही. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर थांबता येईल. पण ‘दूषित’ आणि ‘पाणी’ हे शब्द मराठी वाचकाच्या मनात इतके घट्ट जोडलेले आहेत की ‘झाले’ हा एक शब्द त्यांना वेगळे करायला पुरत नाही. घाईने वाचणारा ‘दूषित नमुने’ एवढेच उचलतो. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून शब्दाचा गाभाच वाक्यात उलगडणे भले. थोडे लांबते, पण नेमके होते:

“बारा नमुने मिळाले. क्र. ४ व ९ चे नमुने हाताळताना त्यांत बाहेरचे जंतू शिरले. त्यांच्याबरोबर उघडलेल्या निर्जंतुक पाण्याच्या तुलना-बाटलीतही जंतूंची वाढ दिसली. त्यामुळे या दोन नमुन्यांचे निकाल विचारात घेऊ नयेत. क्र. ७ च्या नमुन्याला किंचित परका वास होता. तपासणीसाठी वापरलेल्या रसायनातील अशुद्धी त्याच्या नमूद दर्जाच्या मर्यादेत होत्या. पाण्याचा मूळ स्रोत प्रदूषित असल्याचे दर्शवणारे काही आढळले नाही.”

‘त्यामुळे’ हा शब्द मुळात नाही. तो मुद्दाम घातला आहे. इंग्रजी वाचणाऱ्या तंत्रज्ञाला ब्लँकमधली वाढ आणि निकाल बाद होणे यांतले नाते सांगावे लागत नाही. मराठी वाचकाला ते ठाऊक असेलच असे नाही. ‘मूळ’ हा शब्दही तसाच, बाटली आणि स्रोत यांत अंतर राखण्यासाठी. अर्थात अशी भर घालताना मूळ अहवालातल्या पुराव्यापलीकडे जाता येणार नाही. ‘पाणी सुरक्षित आहे’ असे शेवटी जोडायचा मोह होईल. तो टाळायचा, कारण अहवाल तसे कुठेही म्हणत नाही, आणि क्र. ४ व ९ जिथून घेतले तिथल्या पाण्याबद्दल तर त्याच्याजवळ या घडीला काहीच माहिती नाही. ते दोन नमुने पुन्हा घ्यावे लागतील.

राहता राहिला अहवालाला जोडलेला तक्ता. तिथे वाक्याला जागा नसते, क्र. ४ आणि ९ पुढे इंग्रजीत ‘कंटॅमिनेटेड’ एवढेच छापलेले असते. त्या चौकटीत ‘दूषित’ लिहिले तर वर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाईल, कारण वाचणारा आधी तक्ताच पाहतो. तिथे ‘नमुना बाद’ असे लिहावे आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात कारण द्यावे: हाताळताना बाहेरचे जंतू शिरले.